आकाशातली शिवण

४ फेब्रुवारी १९१२ची एक मूक चित्रफीत मी गेल्या काही महिन्यांत पुनःपुन्हा पाहिली. पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावर फ्रान्झ रायशेल्ट हा शिंपी उभा आहे. अंगात स्वतः शिवलेला ढगळ पोशाख. उडी मारताच तो उघडावा आणि त्याचंच पॅराशूट व्हावं, ही कल्पना. परवानगी पुतळा टाकून पाहण्यापुरती होती, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. रायशेल्ट मात्र स्वतःच कठड्यावर चढतो, काही क्षण घुटमळतो आणि उडी घेतो. सत्तावन्न मीटर. पोशाख उघडत नाही.

उंचावरून उडी घेणाऱ्यांचा इतिहास साहसाचा म्हणून सांगितला जातो. मला तो वाचताना कपड्यांचा इतिहास वाटू लागला. इथे माणसं बहुधा धैर्य कमी पडल्यामुळे मेली नाहीत. त्यांचा घात कापडाने, दोरीने, काचेने केला.

पंखांचं स्वप्न पाहणारे प्रामुख्याने जत्रेतले खेळिये होते. अमेरिकेचा क्लेम सोन हातापायांत कापडी पडदे लावून विमानातून उडी घेई. २५ एप्रिल १९३७ रोजी पॅरिसजवळच्या व्हँसेन इथे मोठ्या गर्दीसमोर त्याची दोन्ही पॅराशूट्स दगा देऊन गेली. फ्रान्सच्या लेओ व्हॅलेंतँने कापड सोडून लाकडी पंख घेतले. २१ मे १९५६ रोजी लिव्हरपूलच्या मेळ्यात बाहेर पडताना पंख विमानाला आदळला आणि तोही गेला. आजच्या विंगसूटची वाट नव्वदीच्या दशकात पात्रिक द गेयार्दोंने दाखवली. कापडाचे दोन थर, मधल्या कप्प्यांत समोरून शिरणारी हवा, त्यामुळे ताठ होणारा पंख. असा पोशाख घातलेला माणूस एक मीटर खाली येताना अडीच-तीन मीटर पुढे सरकू शकतो. पण १९९८मध्ये हवाईत, आपल्या पॅराशूटच्या पिशवीत स्वतःच केलेल्या फेरबदलातल्या चुकीमुळे गेयार्दोंचा मृत्यू झाला.

दुसरी परंपरा हवाईदलांची. तिला उडायचं नव्हतं, जिवंत खाली यायचं होतं. विमानं उंच जाऊ लागली, तेव्हा तिथून वैमानिक वाचेल कसा, हा प्रश्न होता. सुमारे १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी असतो, की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळतं. तिथे पंख निरुपयोगी, कारण पंखाला टेकायला हवाच नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली. त्या उंचीवर वेश निवडता येतो. एकोणीस किलोमीटरच्या वर मात्र वेश म्हणजेच श्वास.

अमेरिकी हवाईदलाचे जोसेफ किटिंजर यांना हे अनुभवाने कळलं. नोव्हेंबर १९५९च्या पहिल्या प्रयोगात स्थिर ठेवणारी लहान छत्री वेळेआधी उघडली, दोरी गळ्याभोवती अडकली आणि गरगरत ते बेशुद्ध झाले. आपोआप उघडणाऱ्या पॅराशूटने वाचवलं. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. १६ ऑगस्ट १९६० रोजी ते बलूनमधून ३१,३३३ मीटरवर पोहोचले. वाटेत उजव्या हातमोज्यातला दाब गेला आणि हात सुजू लागला. उड्डाण रद्द होईल म्हणून त्यांनी हे बराच वेळ जमिनीवर कळवलंच नाही. ते सुखरूप उतरले, हातही बरा झाला.

या मौनाचं सर्वत्र कौतुक झालं. मला ते खटकतं. दोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६२ रोजी, सोव्हिएत प्रयोगात येवगेनी आंद्रेयेव्ह साडेचोवीस किलोमीटर मुक्तपणे पडून सुखरूप उतरले. त्याच बलूनमधून उडी घेणाऱ्या प्योत्र दोल्गोव्ह यांच्या हेल्मेटची काच बाहेर पडताना आपटून तडकली. पोशाखातला दाब गेला. पॅराशूट उघडलं, पण खाली आला तो मृतदेह. हातमोजा आणि काच यांत फरक इतकाच, की एक चूक हाताशी थांबली.

१४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बाउमगार्टनर ३८,९६९ मीटरवरून उतरले, ध्वनीपेक्षा वेगाने. हवेत झेपावणं त्यांना नवं नव्हतं, पण दाबपोशाखात कोंडल्यासारखं होऊन त्यांनी मध्यंतरी सराव सोडला होता. मानसशास्त्रज्ञाच्या मदतीने ते परतले. चढताना हेल्मेटची काच धुरकटू लागली, तेव्हा त्यांनी ते लगेच सांगितलं. जमिनीवरून त्यांच्याशी बोलत होते चौऱ्याऐंशी वर्षांचे किटिंजर. पन्नास वर्षांपूर्वी बिघाड झाकणारा माणूस आता दुसऱ्याचा बिघाड ऐकून घेत होता. चर्चा झाली आणि पुढे जायचं ठरलं.

दोन वर्षांनी सत्तावन्न वर्षांच्या अ‍ॅलन युस्टेस यांनी कुपीच वगळली. पोशाखासकट बलूनला लटकून ते ४१ किलोमीटरच्या वर गेले. यान वजा केल्यावर उरला तो फक्त कपडा.

रायशेल्टला मित्रांनी थांबवून पाहिलं होतं. आपल्या शिवणीवरचा त्याचा विश्वास खोटा नव्हता. दुसऱ्या कुणाची शंका ऐकायला मात्र तो तयार नव्हता. शंभर वर्षांत कापड बदललं, उंची बदलली. माझ्या मते खरी प्रगती झाली ती काच धुरकटल्याचं बोलून दाखवण्यात.