कोळ्यांचा नामकर्ता

आश्विनांतल्या एखाद्या सकाळीं भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांवरून नजर फिरवावी. लोंब्यांलोंब्यांमधून ताणलेलीं असंख्य जाळीं दंवबिंदूंनीं उजळून निघालेलीं दिसतात. ऊन चढतें, दंव सुकतें आणि तीं जाळीं दिसेनाशीं होतात. परंतु त्यांचा कारागीर तेथेंच दबा धरून बसलेला असतो. धानाचा रस शोषणारे तुडतुडे हें त्याचें आवडतें भक्ष्य. शेतकऱ्याचा हा बिनपगारी राखणदार म्हणजे कोळी. शहरांतल्या सुखवस्तु घरांत मात्र त्याची ओळख दिवाळीच्या साफसफाईपुरतीच. केरसुणीच्या एका फटकाऱ्यासरशीं त्याचें घर मोडतें आणि तो विस्मृतींत जातो.

अशा या उपेक्षित जीवाला शास्त्राच्या दरबारांत पहिलें अधिकृत नांव मिळालें, तें स्वीडन देशांत, अडीचशेंहून अधिक वर्षांपूर्वीं. तें देणारा पुरुष कोणी नामांकित अध्यापक नव्हता. कार्ल अलेक्सांडर क्लेर्क हा एका लहानशा सरदारी घराण्यांतील पुरुष. त्याचा जन्म १७०९ सालचा. घराण्याला मान होता, परंतु संपत्तीचें पाठबळ बेताचेंच असावें. १७२६ सालीं तो उप्साला येथील विद्यापीठांत दाखल झाला खरा, पण पदवी न घेतांच त्याला तें सोडावें लागलें. पुढें सरकारी नोकरी आणि स्टॉकहोम शहरांत करवसुलीचें काम, हें त्याच्या वांट्यास आलें. आपल्याकडील वतनदार घराण्यांतल्या किती तरी मुलांनीं कचेरींत लेखणी चालवीत आयुष्य काढलें. क्लेर्कची गतही त्याहून निराळी झाली नसती.

परंतु १७३९ सालीं एक योग जुळून आला. वनस्पतिशास्त्राचा प्रख्यात पंडित कार्ल लिनियस याचें एक व्याख्यान स्टॉकहोम येथें झालें आणि श्रोत्यांत क्लेर्क होता. तिशी गांठलेल्या या करवसुली अधिकाऱ्याला त्या व्याख्यानानें नवी दृष्टि दिली. तेव्हांपासून त्याचें लक्ष कोळ्यांकडे वळलें. कोळी गोळा करावे, त्यांचें निरीक्षण करावें, त्यांचीं चित्रें काढवावीं व वर्णनें लिहावीं, असा क्रम वर्षानुवर्षें चालला.

या तपश्चर्येचें फळ १७५७ सालीं ‘स्वीडनमधील कोळी’ या ग्रंथाच्या रूपानें बाहेर आलें. वर स्वीडिश मजकूर व त्याखालीं लहान अक्षरांत लॅटिन भाषांतर, अशी त्याची मांडणी होती. सोबत रंगीत चित्रांचीं सहा पानें होतीं. देशी वाचक व परदेशी पंडित, दोघांचीही सोय त्यानें पाहिली होती. ग्रंथांत ६७ जातींचीं वर्णनें आहेत. क्लेर्कनें कोळ्यांचे गट पाडले ते त्यांच्या राहणीवरून व शिकारीच्या रीतीवरून. उभें चक्राकार जाळें विणणारे निराळे, जाळें न विणतां भक्ष्याचा पाठलाग करणारे निराळे, आणि पाण्याखालीं राहणारा तर सर्वांहून निराळा. हा जलकोळी रेशमी धाग्यांच्या आच्छादनाखालीं हवेचा बुडबुडा साठवितो आणि त्यांत बसून श्वास घेतो. एखाद्या जीवाची परीक्षा त्याच्या निर्जीव देहावरूनच नव्हे, तर त्याच्या जगण्यावरूनही करावयाची, हा क्लेर्कचा विशेष होय.

या ग्रंथाचें खरें महत्त्व मात्र नांवांत आहे. त्यापूर्वीं प्राण्याचें शास्त्रीय नांव म्हणजे लॅटिन भाषेंतलें लांबलचक वाक्यच असे. लिनियसनें १७५३ सालीं वनस्पतींसाठीं दोन शब्दांच्या नांवाची सुटसुटीत पद्धति सर्रास वापरली. आपलें आडनांव व नांव यांसारखाच तो प्रकार. एक शब्द कुळाचा, दुसरा व्यक्तीचा. प्राण्यांच्या बाबतींत ही पद्धति आपल्या ग्रंथांत सातत्यानें पाळली ती प्रथम क्लेर्कनें. लिनियसच्या ‘सिस्टिमा नेचरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ति, जिच्यांत त्यानें प्राण्यांना अशीं नांवें दिलीं, ती निघाली पुढच्या वर्षीं, म्हणजे १७५८ सालीं.

येथेंच एक विलक्षण पेंच निर्माण झाला. प्राण्यांच्या नांवांची अधिकृत गणना १७५८ च्या १ जानेवारीपासून करावी, त्याआधींचीं नांवें ग्राह्य धरूं नयेत, असें पुढें शास्त्रज्ञांनीं ठरविलें. या नियमानें क्लेर्कचें सारें काम रद्द ठरलें असतें. पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा क्रूस असलेल्या बागेंतल्या कोळ्याला क्लेर्कनें ‘अरेनियस डायडेमाटस’ म्हटलें, तर लिनियसनें वर्षानंतर ‘अरेनिया डायडेमा’. गुरूचें नांव ग्राह्य धरावयाचें कीं शिष्यवत् श्रोत्याचें, असा हा प्रश्न होता. वाद बराच काळ चालला. अखेरीस आंतरराष्ट्रीय नियमांत एक अपवाद लिहिला गेला: क्लेर्कचा ग्रंथही १ जानेवारी १७५८ रोजींच प्रसिद्ध झाला असें मानावें, आणि दोघांच्या नांवांत विरोध आल्यास क्लेर्कचें नांव राखावें. एका करवसुली अधिकाऱ्याच्या कष्टांना न्याय देण्यासाठीं शास्त्रानें आपल्या पंचांगाला मुरड घातली.

क्लेर्क याला हा सन्मान पाहावयास मिळाला नाहीं. कोळ्यांनंतर त्यानें दुर्मिळ फुलपांखरांचा सचित्र ग्रंथ हातीं घेतला होता. तो अपुराच ठेवून १७६५ सालीं तो निवर्तला.

त्यानें घातलेल्या पायावरील इमारत मात्र वाढतच राहिली. भारतांतील कोळ्यांवर पोकॉकचा ग्रंथ १९०० सालीं निघाला. पुढें पुणें येथील प्राणिसर्वेक्षण केंद्रांत काम केलेल्या बेनॉय कृष्ण टिकादर यांनीं १९८० व १९८२ सालीं ‘भारताचे प्राणी’ या मालेंत कोळ्यांवरील खंड लिहिले. २०२२ सालीं जगांतील ज्ञात जातींची संख्या ५०,००० वर गेली. भारतांतही आढळणाऱ्या ‘अरेनियस’ या कुळाच्या नांवापुढें आजही ‘क्लेर्क, १७५७’ असेंच लिहिलें जातें.

ज्याला नांव नाहीं, त्याची गणना होत नाहीं. आणि ज्याची गणना नाहीं, त्याच्या नाशाची दखलही कोणी घेत नाहीं. तुडतुड्यांसाठीं बांधींत विष फवारलें म्हणजे तुडतुड्यांबरोबर त्यांना खाणारे कोळीही मरतात आणि शत्रु नाहींसा झाल्यानें तुडतुडे पुन्हां अधिक जोरानें वाढूं शकतात. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला या कोळ्याचें लॅटिन नांव ठाऊक नसेल. पण दंवानें उजळलेल्या त्या जाळ्यापाशीं क्षणभर थांबून पाहणारा कोणीही, क्लेर्कनें १७३९ सालीं धरलेल्या वाटेवर पहिलें पाऊल टाकीत असतो.