पंच की खेळाडू?

पायलीने धान्य मोजता येते, कापड नाही. नैतिक परंपरांचेही असेच असते, असे तत्त्वज्ञ अलास्डेअर मॅकिंटायर (१९२९–२०२५) यांचे म्हणणे. १९८१ साली ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात त्यांनी विचारले : युद्ध, गर्भपात, कर यांवरचे वाद कधीच का मिटत नाहीत? कारण प्रत्येक बाजूच्या हाती वेगळ्या परंपरेतले माप आहे. परंपरा विसरली गेली, माप तेवढे उरले.

उदारमतवादाची यावर तोड अशी : चांगले जीवन कोणते ते ज्याचे त्याने ठरवावे, राज्याने पंच म्हणून तटस्थ राहावे. मॅकिंटायर यांनी १९८८ च्या ग्रंथात दाखवले की हा पंचही खेळाडूच आहे. उदारमतवादालाही स्वतःचा इतिहास आहे, माणसाविषयीची स्वतःची धारणा आहे. तीही एक परंपराच.

हे ऐकून आपल्यातले अनेक जण खूश होतात. ‘मग आमच्या परंपरेला बाहेरच्यांनी प्रश्न विचारूच नयेत!’ पण मॅकिंटायर असा निष्कर्ष काढत नाहीत. ते आपल्याला तेराव्या शतकातल्या पॅरिसला नेतात.

१२१० मध्ये तिथे अॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवण्यास बंदी होती. १२५५ मध्ये तेच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आले. दरम्यान कुर्तुब्याच्या इब्न रुश्द यांची भाष्ये अरबीतून लॅटिनमध्ये पोहोचली होती. थॉमस अक्वायनस यांच्यासमोर दोन परंपरा होत्या, ऑगस्टीनची आणि अॅरिस्टॉटलची. त्यांना तोलणारा तिसरा तराजू नव्हता. अक्वायनस दोन्हींच्या भाषेत मुरले, आणि एकीला न सुटलेले प्रश्न दुसरीच्या मदतीने सोडवू लागले. १२७० मध्ये त्यांनी इब्न रुश्दच्या अनुयायांविरुद्ध पुस्तक लिहिले. तरी इब्न रुश्दना ते ‘भाष्यकार’ याच नावाने ओळखत. मतभेद होते, पण वाचून केलेले.

मॅकिंटायर यांच्या मते परंपरेचा कस इथे लागतो : स्वतःची अडचण तिला कबूल करता येते का, आणि दुसरीकडून शिकता येते का?

हा प्रश्न उदारमतवाद्यांना जितका लागू, तितकाच आपल्यालाही. ११९५ मध्ये इब्न रुश्दना कुर्तुब्याबाहेर काढले गेले, त्यांची तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळली गेली. त्याच माणसाला समजून घेण्यासाठी पुढे पॅरिसमध्ये रात्री जागवल्या गेल्या. पंच तटस्थ नाही, ही तक्रार खरी आहे. पण आपल्या इब्न रुश्दना घालवून द्यायला आपल्याला कोणत्याही पंचाने सांगितले नव्हते.