चकाकीचे थर

मोटारीच्या अंगावर मेणाचे एकामागून एक पातळ थर चढवून तिला आरशासारखी झळाळी आणण्याची कला आज शहरांतील पुष्कळ घरांना परिचित आहे. त्या कामीं वापरावयाच्या उत्तम मेणाचें नांव कार्नौबा, आणि तें येतें दूर ब्राझील देशांतून. मग या भाषणांत बीड जिल्ह्याचें नांव कशाला, असें श्रोत्यांना वाटेल. परंतु या चकाकीचा इतिहास थरांचाच इतिहास आहे, आणि त्याचे वरचे एक-दोन थर बाजूस सारले कीं खालीं आपला मराठवाडा दिसूं लागतो.

प्रथम ही चकाकी म्हणजे काय तें पाहूं. मोटारीचा रंग डोळ्यांना गुळगुळीत वाटला, तरी त्यावर असंख्य सूक्ष्म ओरखडे असतात. त्यांवर पडलेला प्रकाश चोहोंकडे विखुरतो आणि खालचा रंग फिका, धुरकट दिसतो. मेणाचा पातळ लेप हे खांचखळगे भरून काढतो. मग प्रकाश एकाच दिशेनें परततो, आणि खालचा रंग गडद व खोल भासूं लागतो. पहिल्या हातांत कांहीं जागा सुटतात. त्या दुसरा हात झांकून टाकतो. म्हणून पहिला लेप वाळून कांहीं तास लोटल्यावर दुसरा द्यावा, हा नियम. परंतु दोन-तीन लेपांपलीकडे फारसा लाभ नाहीं. नव्या लेपांतील द्रव जुन्याला सैल करतो, आणि जास्तीचें मेण फडक्याबरोबरच निघून जातें.

मधमाशांचें मेण आपल्याकडे पूर्वापार आहे. पण तें 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतें. उन्हाळ्यांत उघड्यावर तापलेल्या काळ्या पत्र्यावर तें मऊ पडून धूळ धरणार. कार्नौबा वितळावयास 82 ते 86 अंश उष्णता लागते, आणि तें इतकें कठीण असतें कीं, इतर मेणें व टर्पेंटाइनसारखे द्रव मिसळल्यावांचून तें पसरतांच येत नाहीं. 1923 सालानंतर अमेरिकेंत मोटारींना लवकर वाळणारें नायट्रोसेल्युलोजचें लॅकर फवारण्याची रीत पडली. हें लॅकर घांसून, चोळूनच चमकत असे. त्यामुळें मेणाच्या पॉलिशला मोठी मागणी आली. मेणाचें पॉलिश बनविणारे अमेरिकन कारखानदार एच. एफ. जॉन्सन हे तर 1935 सालीं स्वतः विमानानें ब्राझीलच्या सेआरा प्रांतीं गेले. ज्या ताडावर आपला सारा धंदा उभा, तो पुरेल किती, हें त्यांना डोळ्यांनीं पाहावयाचें होतें.

हा ताड ब्राझीलच्या ईशान्य भागांत, दुष्काळी मुलखांत वाढतो. पाऊस थांबला आणि ऊन तापूं लागलें, कीं अंगांतलें पाणी उडून जाऊं नये म्हणून तो आपल्या पानांवर मेणाचा लेप चढवितो. कोरड्या ऋतूंत मजूर लांब काठीला बांधलेल्या विळ्यानें तीं पानें कापतात, उन्हांत वाळवितात व झोडपून त्यांची भुकटी पाडतात. ती वितळवून गाळली, कीं झालें कार्नौबा. म्हणजे, ज्याला आपण शोभा म्हणतों, तें त्या झाडानें तहानेविरुद्ध घातलेलें चिलखत होय.

हेंच चिलखत आपल्या उसालाही असतें. ताज्या उसाच्या पेराखालीं पांढरी भुकटी दिसते, ती धूळ नव्हे. तें मेण होय. तेथें मेणाचे अतिसूक्ष्म धागे उभे असतात, त्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून तें पांढरें दिसतें. अंगठ्यानें तें चोळून पाहा. धागे आडवे होतात आणि खालची हिरवी वा जांभळी साल तुकतुकीत दिसूं लागते. मोटारीवर फडकें फिरविणाराही याहून निराळें कांहीं करीत नाहीं. हें मेण आव्हेक्विन या रसायनज्ञानें 1840 च्या सुमारास वेगळें करून दाखविलें. पुढें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेंतील नाताळमध्यें तें कारखान्यांत काढूं लागले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कार्नौबाचा भाव चढतांच तज्ज्ञांची नजर पुनः उसाकडे वळली.

शंभर किलो उसांत मेण साधारण शंभर ग्रॅमच. पण रस शुद्ध करतांना त्याचा मोठा वांटा, कारखान्यावर ज्याला प्रेसमड म्हणतात त्या काळपट चोथ्यांत उतरतो. तेथून तें काढतां येतें. मात्र त्यांतील चरबी, राळ व काळा रंग दूर करण्यास खर्च फार. म्हणून बहुतेक प्रेसमड खत होऊन शेतांतच परततो, आणि ती चकाकी मातीला मिळते.

येथेंच बीड जिल्ह्याची गांठ पडते. 1876 ते 78 हीं सालें दख्खनच्या भयंकर दुष्काळाचीं. नेमका त्याच सुमारास, 1877 ते 79 मध्यें, कार्नौबाच्या सेआरा प्रांतांतही महादुष्काळ पडला होता. प्रशांत महासागराच्या एकाच उष्ण लाटेनें, ज्याला आज एल निनो म्हणतात तिनें, पृथ्वीच्या दोन टोकांचे पाऊस हिरावले, असें इतिहासकार दाखवून देतात. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, तो 1948 पर्यंत. पुढें प्रवरानगरीं सहकारी साखर कारखाना निघाला, त्याच्या मागोमाग पश्चिम महाराष्ट्रांत उसाचे मळे पसरले, आणि तोडणीला माणसें हवीं झालीं. बालाघाटाच्या डोंगराळ, कोरडवाहू गांवांतून तीं मिळालीं. 1972 च्या दुष्काळानें त्या वाटेवर आणखी गर्दी केली.

आजही दसरा-दिवाळी उलटली, कीं शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी या भागांतून संसार वाहनांत भरून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि सारा हंगाम ती फेडीत राहावयाचें. नवराबायको मिळून एक कोयता, असा हिशेब. दोन माणसांना एका हत्याराचें नांव देणारा हा शब्द, सबंध व्यवहाराचें स्वरूप सांगून जातो. या स्त्रियांवर होणाऱ्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठीं 2019 सालीं महाराष्ट्र शासनाला समिती नेमावी लागली. तिकडे ब्राझीलमध्येंही कार्नौबाच्या पानतोड्यांना गुलामगिरीसारख्या स्थितींतून सरकारी निरीक्षकांनीं सोडविल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. दोन्हींकडे कोरडा ऋतु, दोन्हींकडे विळा वा कोयता, आणि दोन्हींकडे झाडाला जें मेण जगवितें तें त्या माणसाच्या हातून निसटून दुसऱ्याच्या वस्तूला शोभा देतें, वा उकिरड्यावर जातें.

यावरून कोणी मोटारीला मेण लावूं नये, असें मला सुचवावयाचें नाहीं. वस्तु जपणें हा सद्गुणच आहे, आणि शेवटचा हात नीट फिरविणाऱ्याचें समाधान निर्मळ असतें. परंतु झाडाला हें कवच निसर्गानें दिलें. दुष्काळांत घर सोडणाऱ्या माणसाला तें दुसऱ्या माणसांनींच द्यावयाचें असतें. उचलीचा चोख हिशेब, तोडणीचा रास्त दर, फडाजवळ शाळा व दवाखाना, हे तें कवच आहे. तोडणी करणाऱ्याच्या अंगावर हे थर अद्याप पुरते चढलेले नाहींत. आणि तेथें, मोटारीच्या उलट, दुसराच काय, तिसरा आणि चौथा हातही वायां जावयाचा नाहीं.