एका सांध्याचा इतिहास

इतिहासाच्या माणसाला गाडीतले काय कळते, असे माझा भाचा म्हणतो आणि ते खरेच आहे. मला गाडी चालवता येते, दुरुस्त करता येत नाही. तरीही गेल्या वर्षी त्याच्या जीपच्या निमित्ताने मला माझ्याच विषयाचा एक धडा पुन्हा गिरवावा लागला. त्यात माझ्या हातून एका माणसावर अन्यायही झाला. म्हणून हा प्रपंच.

भाच्याची शेती खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला. पावसाळ्यात तिकडे रस्ता कुठे संपतो आणि ओढा कुठे सुरू होतो ते कळत नाही. त्यासाठी त्याने चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी जीप घेतली. दगड पोटाला लागू नयेत म्हणून ती ३ इंच उचलून घेतली. पाट्यांना जादा कमान दिली, मागचे शॅकल लांब घातले. जीप रुबाबदार दिसू लागली. पण ताशी ४० च्या पुढे गेली की खालून घरघर सुरू व्हायची आणि पायाखालचा पत्रा थरथरायचा.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले. दोन महिन्यांत पुन्हा तोच आवाज. पुन्हा क्रॉस बदलले, पुन्हा आवाज. भाचा चिडला. मिस्त्रींनी हलका माल घातला, असे तो चारचौघांत बोलला. मीही, 'वय झाले आता त्यांचे', असे म्हणून मोकळा झालो. तीस वर्षे ज्यांच्या हातावर आमच्या घरच्या गाड्या चालल्या, त्यांच्याबद्दल मी हे बोललो आणि ते त्यांच्या कानावर गेले. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजने तर क्राउन-पिनियनच बदलायला सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून भाचा गप्प झाला.

हा क्रॉस म्हणजे आहे तरी काय, म्हणून मी पुस्तके उघडली आणि थेट सतराव्या शतकात जाऊन पडलो.

इंजिन गाडीच्या सांगाड्याला बांधलेले असते. चाकांचा आस मात्र पाट्यांवर वरखाली नाचत असतो. या दोघांमधल्या शाफ्टला फिरता फिरता वाकावेही लागते. त्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना दोन कात्र्या आणि मध्ये अधिक चिन्हासारखा क्रॉस, असा सांधा असतो. इटलीतल्या कार्डानो (१५०१–१५७६) याने एकात एक फिरणाऱ्या कड्यांत वस्तू समतोल टांगण्याची युक्ती लिहून ठेवली होती. युक्ती त्याच्याही आधीची, पण युरोपात या सांध्याला त्याचेच नाव चिकटले. फिरणारा जोर वाकड्या वाटेने नेण्यासाठी या सांध्याचे वर्णन केले ते लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या रॉबर्ट हूक याने, १६७६ साली. रायगडावर राज्याभिषेक होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

हूकचा विषय गाडी नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर सूर्य पाहण्याची उपकरणे होती आणि सूर्यघड्याळे होती. इथेच गंमत आहे. सूर्य आकाशात एकसारख्या गतीने सरकतो, पण आडव्या तबकडीवर त्याची सावली एकसारखी सरकत नाही. आपल्या बेळगावात असे घड्याळ मांडले, तर १२ ते १ या तासाची जागा जेमतेम ४ अंशांची भरेल आणि संध्याकाळी ५ ते ६ या तासाची ४४ अंशांहून अधिक! तास तेवढाच, पण सावलीची चाल वेगळी. वाकलेल्या सांध्याचा हिशेब नेमका हाच आहे, हे हूकने ओळखले. एका बाजूने शाफ्ट एकसारखा फिरवला, तरी दुसरी बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. हूकला हा गुण उपयोगी वाटला. गाडीवाल्यांच्या नशिबी तोच दोष म्हणून आला.

हा दोष कोनाबरोबर वाढतो आणि फार झपाट्याने वाढतो. सांधा १० अंशांत वाकला तर गती जेमतेम दीड टक्का मागेपुढे होते. २० अंशांत वाकला तर १०० फेऱ्यांच्या गतीऐवजी कधी ९४ ची, कधी १०६ ची गती मिळते. ३० अंशांत हाच खेळ ८७ ते ११५ पर्यंत जातो. यावर उपाय दुसऱ्या सांध्याचा. पहिला जेवढे बिघडवतो, तेवढे दुसरा सावरतो. मात्र अट अशी की दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही कात्र्या एका रेषेत हव्यात. ही अट मोडली की शाफ्ट बोलू लागतो.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या पुष्कळ मोटारींची चाके सायकलसारखी साखळीने फिरत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसर याने १९०३ मध्ये या सांध्याचे पेटंट घेतले आणि साखळीला पर्याय दिला. विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल या लहान गावात ऑटो झाखोव आणि विल्यम बेसरडिख हे यंत्रशाळा चालवत. पुढची चाके वळलीही पाहिजेत आणि त्यांना जोरही मिळाला पाहिजे, हे कोडे त्यांनी सोडवले. त्याचे पेटंट १९०८ चे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने हलक्या चारचाकी जोराच्या गाडीची मागणी केली आणि नमुन्यासाठी मुदत दिली ४९ दिवसांची. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्टकडून आराखडे करून घेतले आणि २३ सप्टेंबरला गाडी हजर केली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांची कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले आणि मुंबईत जोडलेल्या विलीज जीपा देशभर धावू लागल्या.

या जीपेचे एक वैशिष्ट्य आमच्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर अवघे ८० इंच. साहजिकच मागचा शाफ्ट फार आखूड. लांब ६० इंची शाफ्ट असलेली गाडी ३ इंच उचलली, तर कोन ३ अंशांच्या आसपास वाढतो. शाफ्ट २० इंचांचा असेल, तर तोच कोन साडेआठ अंशांनी वाढतो.

एवढे वाचून झाल्यावर मी मिस्त्रींकडे गेलो. आधी माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. स्टूल पुढे सरकवले. मग म्हणाले, "सर, तुम्ही क्रॉस बदला म्हणालासा, मी बदलला. आवाज का येतोय ते कुणी विचारलंच नाही. मीबी विचारायला पायजे होतं."

मी भाच्याला जीप घेऊन बोलावले. आवाज कुठून येतो ते तो दाखवू लागला. मिस्त्री म्हणाले, "कुठनं येतोय ते ऱ्हाऊ दे. पत्रा सगळीकडनं वाजतो. कवा येतोय ते सांग."

मग त्यांची उलटतपासणी सुरू झाली. गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू दिली, तरी घरघर राहिली. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. वळणावर आवाज कमीजास्त झाला नाही, म्हणजे चाकांच्या बेअरिंगवर संशय नको. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा, अशी शीळ नव्हती. तशी असती तर क्राउन-पिनियनच्या दातांकडे बोट गेले असते. शेवटी त्यांनी मागचा शाफ्टच उतरवला, चारचाकी जोराचा लिव्हर ओढला आणि नुसत्या पुढच्या चाकांवर जीप चालवली. घरघर नाहीशी! खटला मागच्या शाफ्टवर आला.

मी शाळेतला कोनमापक आणि ओळंबा घेऊन गेलो होतो. ट्रान्सफर केसच्या आणि पिनियनच्या फ्लँजला ते लावून कोन मोजले. दोन्ही सारखे हवेत. फरक ६ अंशांचा निघाला. लांब शॅकलमुळे पाट्याचे मागचे टोक खाली गेले होते आणि पिनियनचे तोंड वर झाले होते. हूकची अट मोडली होती. क्रॉस बिचारे दुसऱ्याच्या चुकीपायी झिजत होते आणि त्यांच्यापायी मिस्त्री बदनाम झाले होते.

मिस्त्रींनी जुने शॅकल परत घातले, पाट्याखाली लोखंडी पाचर मारून कोन जुळवले. घरघर गेली. साठाच्या पुढे बारीक थरथर अजून आहे. कोन सारखे झाले, कमी झालेले नाहीत. "एक इंच खाली घे," असे मिस्त्री सांगतात. भाच्याला अजून ते पटलेले नाही.

तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की घटना कोठे घडली याबरोबर ती केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत घडली हे पाहा, पुरावा तपासल्याशिवाय निकाल देऊ नका. आणि घरात निकाल देताना मात्र जो भाग ओरडतो तोच दोषी, असे मानून मोकळा झालो. वर्गात गोंगाट झाला की ज्याचा आवाज ऐकू येतो त्यालाच उभे करण्याची सवयही याच जातीची असावी.

झिजलेला एक क्रॉस मी मिस्त्रींकडून मागून आणला आहे. त्याच्या दांड्यांवर बेअरिंगच्या सुयांनी पाडलेल्या खोल रेषा बोटाला लागतात. यंदा नववीच्या वर्गात 'इतिहासाची साधने' हा पाठ शिकवताना तो मी टेबलावर ठेवला आणि तो कोणामुळे झिजला असेल, ते मुलांना विचारले. पहिले उत्तर आले, "मिस्त्रीमुळे, सर."