दिव्याची राखण

पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९१२ साली म्हैसूर संस्थानाचे दिवाण झाले. धरणे आणि कारखाने उभे राहिले, तरी निरक्षर प्रजेच्या हाती त्यांचे फळ पुरते पडणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून प्रौढांसाठी रात्रीच्या शाळा निघाल्या, फिरती ग्रंथालये खेडोपाडी जाऊ लागली. १९१८ साली विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडले आणि पुढे या शाळा ओसरत गेल्या. दिवा दरबाराने लावला होता, तेलही दरबाराचेच होते. ज्यांच्यासाठी तो लावला, त्यांच्याकडे त्याची राखण कोणी सोपविलीच नव्हती.

१९४० नंतरच्या दशकात म्हैसुरात हे कार्य नव्याने सुरू झाले. सरकारी खात्याहून निराळी अशी प्रौढ शिक्षण परिषद तेथे स्थापन झाली. तिने साक्षरतेचे वर्ग चालविलेच. शिवाय नवसाक्षरांसाठी सोपी कन्नड पुस्तके आणि ‘बेळकु’, म्हणजे ‘प्रकाश’, या नावाचे साप्ताहिक काढले. शिकलेले अक्षर वापराविना विसरले जाते, हे तिने जाणले होते.

याहून महत्त्वाचे पाऊल होते विद्यापीठांचे. हा शब्द ऐकून पदव्या आणि परीक्षा डोळ्यांपुढे येतात. परंतु म्हैसूरजवळ कपिला नदीच्या काठी वसलेल्या नंजनगूड येथील विद्यापीठात येत ते खेड्यांतील तरुण. डेन्मार्कमध्ये १८४४ सालापासून शेतकऱ्यांसाठी जी लोकशाळा रुजली, तिचा आदर्श यामागे होता. तरुणांनी एकत्र राहावे, शेती व हस्तोद्योग शिकावे, सहकाराने जगावे आणि गावी परतून तेथील कार्याचे पुढारपण करावे, असा हेतू होता. शिकणाऱ्याने केवळ ऐकून घ्यावयाचे नव्हते. उद्या त्यालाच गाव जागे करावयाचे होते.

महाराष्ट्रानेही निराळ्या वाटेने हाच अनुभव घेतला. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातील शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवावे आणि सारे गाव साक्षर झाले की गौरवसमारंभ व्हावा, अशी तिची रीत होती. गावाचा अभिमान हेच तिचे भांडवल. मात्र समारंभानंतर वाचनाची सोय जेथे टिकली नाही, तेथे अक्षरेही पुसली गेली.

दोन्ही प्रांतांचा इतिहास एकच गोष्ट सांगतो. राज्यकर्त्याची तळमळ शाळा उघडू शकते आणि गावाचा उत्साह ती भरू शकतो. परंतु ती चालू राहते, ती काल पाटी हाती घेतलेला माणूस आज तिचा कारभार पाहू लागतो तेव्हाच. म्हैसूरच्या विझलेल्या रात्रशाळांत अक्षरांची उणीव नव्हती. उणीव होती ती शिकणाऱ्यावरील विश्वासाची.