मिशनऱ्यांची शाळा आणि आपले उत्तर



मिशनऱ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे तयार असतात. एक पक्ष म्हणतो, त्यांनी शाळा काढल्या, छापखाने आणले, मुलींच्या हाती पाटी दिली. हे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल. दुसरा पक्ष म्हणतो, हा सारा धर्मांतरासाठी पसरलेला दाणा होता. जाळ्याखाली टाकलेल्या दाण्याचे उपकार कोणी मानावेत? दोन्ही म्हणण्यांत थोडेथोडे तथ्य आहे. पण दोन्हींत एक उणीव आहे. दोन्हींत कर्ता काय तो मिशनरी. आपण नुसते घेणारे, नाहीतर फसणारे. त्या शाळा पाहून आपल्या माणसांनी काय केले, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. आज मी तोच विचारणार आहे, आणि तोही मुंबई, नगर व पुणे या तीन ठिकाणांपुरता.

आरंभ मुंबईत झाला. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन पाद्री मुंबईला उतरले. सरकारने पायघड्या घालून त्यांचे स्वागत केले असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यांना परत जाण्याचा हुकूम झाला. धर्माच्या भानगडीने रयत बिथरेल आणि व्यापार बुडेल, ही कंपनीला धास्ती. शिवाय तेव्हा अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध चालू होते. अर्जविनंत्या करून ते कसेबसे राहिले. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत बदल केला. मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि विद्येच्या उत्तेजनासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला काढण्याचेही ठरले. शाळा आणि धर्मप्रसार यांची गाठ आपल्या इतिहासात अशी एकाच कागदावर पडली आहे.

१८१५ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत मुलांची शाळा काढली आणि १८२४ मध्ये मुलींची. या शाळांत शिकवणारे पंतोजी पुष्कळदा हिंदूच असत, काही बेने इस्राएल असत. पाद्र्याने पगार द्यावा, पंतोजीने मुळाक्षरे घोटवावीत, आणि त्या ओघात ख्रिस्ती पुस्तकाचाही धडा व्हावा, असा तो व्यवहार होता. डिसेंबर १८२७ मध्ये सिंथिया फरार नावाची अविवाहित बाई अमेरिकेहून मुंबईस आली, ती मुलींना शिकवण्यासाठी. १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट आली. मार्गारेटबाईंनीही मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये इथेच देह ठेवला. हेतू काही असो, परक्या मुलखात येऊन, त्या मुलखाची भाषा शिकून, तिथल्या मुलींना वाचायला शिकवणे हे सोपे काम नव्हते, एवढे आपण मोकळ्या मनाने मान्य करावे.

पण या शाळांची दुसरी बाजू घराघरांत जाणवत होती. १८३९ मध्ये विल्सनसाहेबांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात हाहाकार उडाला, प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. पुढे १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही पाद्र्यांच्या घरी राहू लागला होता. बाप कोर्टात गेला. मुलगा अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या स्वाधीन केले.

मुलगा घरी आला, पण खरी अडचण पुढेच होती. त्याने पाद्र्याच्या घरचे अन्न खाल्ले होते. त्याला पंक्तीला घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले आणि प्रायश्चित्त देऊन श्रीपतला परत घ्यावे असा त्यांनी आग्रह धरला. सनातनी मंडळींनी त्यावर गहजब केला आणि बाळशास्त्र्यांवरच आग पाखडली. मित्रहो, या प्रसंगाचा विचार करा. मुलगा परत द्या, असा हुकूम इंग्रजांच्या कोर्टाने दिला. पण त्याला परत घेऊ नका, असे म्हणणारे आपलेच लोक होते. पाद्र्यांनी मुले ओढली हे खरेच. पण आपण आपली दारे किती घट्ट लावून घेतली होती, तेही या प्रकरणाने उघडे पडले. थोरला नारायण पुढे जालन्याकडे गेला आणि तिथल्या मांग समाजात त्याने आयुष्य वेचले.

आता नगरकडे वळू. अमेरिकन मिशनचे ठाणे तिथे १८३१ मध्ये पडले. १८३९ मध्ये फरारबाई मुंबईहून नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिल्या. १८४२ मध्ये नगरलाच ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले. त्याच सुमारास पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत एक माळ्याचा मुलगा इंग्रजी शिकत होता. तो जोतीराव फुले. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे त्यांचे ब्राह्मण मित्र. गोवंडे नोकरीनिमित्त नगरला असत. त्यांच्याबरोबर जोतीराव नगरला गेले आणि त्यांनी फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. ती पाहून ते पुण्यास परतले आणि १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंकडे झाले, असे चरित्रकार सांगतात.

हीच शाळा आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. जोतीरावांनी मिशनची शाळा पाहिली, तिची पद्धत घेतली, ख्रिस्ती धर्म मात्र घेतला नाही. वाडा भिड्यांचा, मित्र गोवंडे, परांजपे, वाळवेकर, आणि शिकवणारी घरचीच सून. हा गृहस्थ पाद्र्यांचा हस्तक आहे अशी हाकाटी झाली. १८४९ मध्ये त्या दांपत्याला बापाचे घर सोडावे लागले. पण शाळा थांबल्या नाहीत. महार-मांगांच्या मुलांसाठीही निघाल्या. त्यांतील मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने आपल्या जातीच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. एका मांग मुलीचा निबंध छापायला तेव्हा पाद्र्यांचे पत्र पुढे आले, ही गोष्ट आपण नोंदवून ठेवली पाहिजे. त्याच्याच पुढच्या वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश मिळाला नाही आणि मुंबई सरकारने त्यात हात घालण्याचे नाकारले, हीही त्याच पानावर नोंदवावी.

छापखान्याचीही कथा अशीच आहे. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनची छपाई पाहिली, स्वतः खटपट करून शिळाछाप साधला आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते. तिथेच ते टायपाची विद्या शिकले आणि पुढे त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. जी विद्या बायबल छापण्यासाठी आली, तिनेच पंचांग आणि संस्कृत ग्रंथ घरोघर पोचवले! आणणाऱ्यांच्या मनात हे खचित नव्हते.

तरीही हिशेबात जखमा धरल्याच पाहिजेत. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. तो काळ त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त ज्यांनी वाचला असेल, त्यांना धर्मांतर म्हणजे संसाराची कशी फाळणी असते हे सांगायला नको. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० मध्ये पुण्यास आले आणि तीनच वर्षांत धर्मांतराच्या वादात सापडले. पुण्यातल्या सुधारकांनीही त्याच्याशी संबंध तोडला. पण त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली, आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. एक संस्था समाजाच्या मनातून उतरली, पण तिचे काम समाजातल्याच दुसऱ्या माणसाने हाती घेतले. १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी जी संस्था काढली, तिचे नावच डिप्रेस्ड क्लासेस मिशन. शब्दसुद्धा आपलासा झाला होता!

म्हणून मला वाटते, मिशनऱ्यांच्या कार्याचे माप बाप्तिस्म्यांच्या आकड्याने घेऊ नये. ते ज्यासाठी आले ते त्यांना फारसे साधले नाही. पण त्यांच्या शाळांनी आपल्या समाजाला एक अडचणीचा प्रश्न घातला: तुमच्या मुली आणि तुमच्या वेशीबाहेरची मुले यांना कोण शिकवणार? काहींनी त्यावर शाळेतून मुले काढून घेतली, काहींनी शिव्या दिल्या, आणि थोड्यांनी स्वतः शाळा काढल्या. त्या थोड्यांनी पाद्र्यांशी वादही घातला आणि त्यांच्याकडून शिकूनही घेतले. दोन्ही एकाच वेळी करता येते हे त्यांनी दाखवले. त्यांच्यावर त्या काळी दोन्हीकडून टीका झाली. आज आपल्या गावातल्या शाळेत जी मुलगी बसते, ती त्या थोड्यांच्या पुण्याईने बसते. तो प्रश्न परक्याने विचारावा लागला याची खंत आपण बाळगावी, आणि यापुढे तो विचारायला परक्यांची वाट पाहू नये.