निळ्या तीनचाकीनंतर

2021 च्या सुमारास जगभर गाड्यांत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला आणि ब्रिटनच्या ‘मोटॅबिलिटी’ योजनेतली गाड्यांची यादी आखडू लागली. अपंग व्यक्तीने आपला प्रवासभत्ता परस्पर योजनेकडे वळवायचा आणि साधारण तीन वर्षांसाठी नवी कोरी गाडी भाड्याने घ्यायची. विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं त्यातच. कंपन्यांनी हाती आलेल्या चिपा जास्त नफ्याच्या गाड्यांत घातल्या आणि घाऊक सवलतीत जाणारी साधी मॉडेलं मागे पडली. मुदत संपत आलेले करार वाढवावे लागले. एरवी गिऱ्हाईक ही नाही तर ती गाडी घेतं. पण ज्याला ऑटोमॅटिकच लागते, सीट ठरावीक उंचीची लागते, डिकीत व्हीलचेअर उचलणारं यंत्र बसावं लागतं, त्याच्या कामाच्या गाड्या भरल्या यादीतही मोजक्याच असतात.

याआधीच्या पिढीची अडचण बरोबर उलटी होती. गाडी मिळायची, पण एकच. दुसऱ्या महायुद्धानंतर एसेक्समधल्या बर्ट ग्रीव्ह्ज यांनी अपंग असलेल्या आपल्या नात्यातल्या भावासाठी, डेरी प्रेस्टन-कॉब यांच्यासाठी, व्हीलचेअरला इंजिन जोडलं. त्यातून ‘इन्व्हाकार’ कंपनी उभी राहिली. पुढे सरकार अशा तीनचाकी गाड्या अपंगांना वापरायला देऊ लागलं. फायबरग्लासची काया, फिकट निळा रंग, आणि आत बसायला एकच जागा. जोराचं आडवं वारं आलं की गाडी डगमगे, कधी उलटेही. शेजारी कुणाला बसवण्याची मुभा नव्हती. म्हणजे अपंग आईला स्वतःच्या मुलालाही सोबत नेता येत नसे! तो ठरावीक निळा रंग तर दुरूनच सांगे, आत कोण बसलंय ते.

1974 मध्ये बॅरोनेस शार्प यांच्या अहवालाने या तीनचाक्यांऐवजी मोटारी द्याव्यात असं सुचवलं. सरकारने मोटार दिली नाही. 1976 पासून आठवड्याला 5 पौंडांचा प्रवासभत्ता सुरू केला. पाच पौंडांत कसली मोटार येणार? अपंगांच्या प्रश्नांसाठी नेमलेले ब्रिटनचे पहिले मंत्री आल्फ मॉरिस यांच्या पुढाकारातून 1977 मध्ये लॉर्ड गुडमन आणि जेफ्री स्टर्लिंग यांनी मोटॅबिलिटी उभी केली. हजारोंचे भत्ते एकत्र आले की बँका पैसा पुरवतील आणि कंपन्या सवलत देतील, हा त्यामागचा हिशेब. तो इतका जमला की आज योजनेचे आठ लाखांहून अधिक ग्राहक आहेत. निळ्या तीनचाक्या मात्र 31 मार्च 2003 पासून रस्त्यावरूनच हद्दपार झाल्या.

सरकारी वाटप होतं तेव्हा निवड नव्हती. निवड आली ती बाजाराच्या भरवशावर. मला हा सौदा एकूण फायद्याचाच वाटतो, पण बाजार आटला की या सौद्याची किंमत कळते. योजनेचं गणित परत आलेली गाडी किती किमतीला विकली जाईल यावरही बेतलेलं असतं, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव हलले की नव्या ग्राहकाला आगाऊ भरावी लागणारी रक्कमही हलते. आता विजेच्या गाड्यांचा रेटा आहे. काही चार्जिंगच्या जागी खांब पदपथाच्या कडेच्या उंचवट्यावर आणि केबल जड. व्हीलचेअरवरून ती ओढायची कशी? 2025 च्या अखेरीस बीएमडब्ल्यू, मर्सिडीझसारखे महागडे ब्रँड यादीतून वगळले गेले, आणि वाद पेटला तो गाडी किती दिमाखाची असावी यावर. उंच सीटची, रुंद दाराची ऑटोमॅटिक ज्याला वेळेवर हवी, त्याचा प्रश्न त्या वादाला शिवलासुद्धा नाही.